कै. डेव्हिड अब्राहम चेऊलकर

कॅनडात वाढलेल्या आपल्या मुलांना जुन्या हिंदी चित्रपटांतील ‘डेव्हिड’ कदाचित ठाऊक असतील. ‘चेऊलकर’ मात्र क्वचितच. म्हणून या चरित्र-अभिनेत्याचा अल्प परिचय करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

1909 साली जन्मलेल्या डेव्हिड यांनी मुंबईच्या विल्सन कॉलेजातून पदवी घेतली व पुढे कायद्याचा अभ्यास केला. तथापि, वकिली न पत्करता 1937 साली ते चित्रपटसृष्टीत शिरले. नायकाची उंची वा रूप त्यांच्यापाशी नव्हते; तरी चार दशके त्यांनी पडदा गाजविला. ‘बूट पॉलिश’ (1954) मधील जॉन चाचाच्या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तर 1969 साली पद्मश्री लाभली. रसाळ सूत्रसंचालक म्हणूनही त्यांची ख्याती होती. ‘बातों बातों में’ मधील ख्रिस्ती काका आणि ‘गोलमाल’ मधील केदार मामा, ही दोन्ही रूपे एकाच वर्षातील, 1979 ची. उतारवयात ते कॅनडात आले व 1981-82 च्या हिवाळ्यात टोरँटो येथे निवर्तले.

पडद्यावर त्यांचे आडनाव गळाले. त्या आडनावात मात्र अलिबागजवळचे चेऊल, म्हणजेच चौल, हे गाव नांदते. परदेशी उच्चाराच्या सोयीसाठी आपले ‘कर’ गाळू पाहणाऱ्या कुटुंबांनी याचा विचार करावा. डेव्हिड यांची ओळख त्यांच्या कलेने राखली. आपल्या नातवंडांना कोकणाची वाट दाखविण्यास कदाचित आडनाव तेवढेच उरेल.