‘दिवा लागला, केबल ठीक’: एक तळटीप

‘पोर्टचा दिवा लागला’: लेखकाने इथे केबल निर्दोष धरली आहे, वाचकाने तसे धरू नये. इथरनेट केबलमध्ये 8 तारा, म्हणजे पिळलेल्या 4 जोड्या असतात. 100 मेगाबिटला त्यांतल्या दोनच पुरतात, पिन 1-2 आणि 3-6 वरच्या. गिगाबिटला चारही लागतात. म्हणून सातवी तार तुटलेली असली तरी दिवा लागू शकतो, वेग मात्र 100 वर येतो. स्वस्त टेस्टरवर 1 ते 8 दिवे ओळीने लागले तरी तेवढ्याने भागत नाही. तारा टोकाला टोक जुळल्या पण जोड्या चुकल्या, हे त्याला कळतच नाही. अशी केबल हातभर असेल तर चालूनही जाते. लांब असली की एका जोडीतला संदेश दुसरीत झिरपतो आणि स्विचवर त्या पोर्टचा सीआरसी चुकांचा आकडा चढत राहतो. संशय आला की आधी खात्रीची केबल त्याच पोर्टला लावावी, मग संशयित केबल दुसऱ्या पोर्टला. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. ‘पोर्ट गेले’ म्हणून कपाटात टाकलेला एक धडधाकट स्विच मी पाहिला आहे. प्लगमधली तपकिरी तार पात्यापर्यंत पोचलीच नव्हती. – संपा.