पाठीखालची घोंगडी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण वर्गात फळ्यावर किती वेळा लिहून दिली असेल याची गणती नाही. तिच्यातले अंथरूण मात्र आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. ते पाहायची पाळी आंबोलीत आली.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात कोरगावची मुले घेऊन आम्ही दोन रात्रींच्या मुक्कामाला आंबोलीला गेलो. घरांत पंख्याखाली झोपणारी, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली ही मुले. आंबोली म्हणजे जवळजवळ सातशे मीटर उंचीचे ठिकाण, म्हणून पालकांना पाठवलेल्या पत्रात मी बजावून लिहिले होते की प्रत्येकाने दोन जाड पांघरुणे द्यावीत. खाली काय घालायचे, याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नव्हते. कोणी सतरंजी आणली, बऱ्याच जणांनी बाजारातली प्लास्टिकची चटई. रात्री दोनच्या सुमाराला सगळा तंबू जागा! अंगावर दोन-दोन पांघरुणे आणि पाठी बर्फासारख्या गार. सकाळी म्हशी घेऊन जाणारा एक म्हातारा धनगर आमची तोंडे पाहून थांबला. म्हणाला, “गुरुजी, थंडी वरनं न्हाय येत, भुईतनं येती. पोरांच्या खाली काय घातलंसा?” त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या रात्री वाळलेल्या गवताचा वीतभर थर घातला, त्यावर दोनांपैकी एक पांघरूण अंथरले आणि एकच अंगावर घेतले. मुले सकाळी हलवून उठवावी लागली.

इतिहास घेऊन एम. ए. झालो, मराठ्यांच्या स्वाऱ्या तीस वर्षे शिकवल्या. कोणत्या खिंडीतून फौज गेली, किती स्वार होते, हे सारे पाठ. पण रात्री त्या माणसांच्या पाठीखाली काय होते, हा प्रश्न ना मी कधी मुलांना विचारला, ना मुलांनी मला. परत आल्यावर मी कपाटातली पुस्तके या एकाच प्रश्नासाठी पुन्हा चाळली.

सर्वांत चोख उत्तर मिळाले ते फ्रेंच वैद्य बर्निए याच्याकडून. १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून लाहोर-काश्मीरकडे निघाला, त्या छावणीबरोबर हा गृहस्थ होता. बादशहाच्या तंबूंची वर्णने तर त्याने केलीच, पण स्वतःच्या सामानाची यादीही दिली. तीत चार मजबूत आणि हलक्या वेतांची उचलून नेण्याजोगी खाट आहे, उशी आहे, आणि दोन रजया आहेत. त्यांतली एक चार पदरी दुमडून खाली घालायची. म्हणजे अर्धे कापड खाली. आंबोलीच्या म्हाताऱ्याचाच हिशेब! इंग्रज प्रवासी फ्रान्सिस गाल्टन याने १८५५ साली प्रवाशांसाठी एक हातपुस्तक छापले. जमिनीवर निजण्याआधी खडे-काटक्या वेचा आणि कमरेचे हाड टेकेल तिथे भुईत उथळ खळगा करा, असे तो सांगतो. हा उपाय मी मागच्या अंगणात करून पाहिला. शेजाऱ्यांना वाटले मास्तर काहीतरी पुरतायत. पण कुशीवर झोपणाऱ्याला त्याचा खरोखर आराम मिळतो.

आमच्या स्वारांकडे खाट नव्हती आणि रजईही नव्हती. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातला मराठा स्वार भाला शेजारी रोवून, घोड्याचा लगाम हाताला बांधून भुईवर निजतो. त्याच्याजवळ असायची ती घोंगडी.

घोंगडीची करामत समजून घ्यायला थोडे विज्ञान लागते. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. कापसाची गोधडी अंगावर उबदार, पण पाठीखाली आली की वजनाने दबते, हवा निघून जाते, आणि दव पडले की ओली होऊन बसते. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि ताठ; ती दबूनही पुरती चपटी होत नाही आणि दमट झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. धनगर बायांनी सूत कातायचे, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचे, मग चिंचोक्याची खळ चढवायची. त्या खळीने नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि पावसाची सर तिच्यावरून निथळून जाते. शिवाय लोकर सोवळ्याला चालते, म्हणून देवळाच्या ओसरीपासून रानातल्या खडकापर्यंत तीच एक वस्तू अंथरता येई. ती टोचते, हे मात्र खरे. तिच्यावर साप चढत नाही असेही सांगतात. त्या भरवशावर मी कोणाला रानात झोपवणार नाही.

आमच्या पेडण्यात मेंढ्या नाहीत. इथले गवळी धनगर म्हशी पाळणारे. त्यामुळे घोंगडी घाटावरूनच यायची. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, तोवर या वाटेवर परक्या राज्याची सीमा नव्हती. पुढे जकातीचे नाके बसले, तरी आमच्या घरची घोंगडी सावंतवाडीच्या बाजारातूनच येई, असे आजी सांगे. १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीला गोळीबार झाला, भारत सरकारने नाकेबंदी कडक केली, आणि ती खरेदी थांबली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत घरात होती तीच घोंगडी ठिगळे लावून वापरली. (घोंगडे भिजत पडणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको!)

आजोबा ती पारधीला नेत. तेव्हा रानडुकराची, भेकराची पारध गावोगाव चाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती गोष्ट बेकायदा झाली, ते योग्यच झाले. पण पारध्यांचे अंथरुणाचे ज्ञान फेकून देण्यासारखे नव्हते. मांगरात निजायचे तर खाली माडाचा विणलेला झाप, त्यावर भाताचे गवत, त्यावर घोंगडी. झाप ओल अडवतो, गवत हवा धरते, घोंगडी दोहोंना बांधून ठेवते. माळ्यावर जागायचे तर नुसती घोंगडी, कारण गवत कुसकुसते आणि जनावर सावध होते. लोकर आवाज करीत नाही. डुकरांपासून पिकाची राखण करणाऱ्यांना आजही हे सांगावे लागत नाही.

गंमत अशी की आजच्या महागड्या मॅटबद्दल परदेशी शिकाऱ्यांची हीच तक्रार आहे: कुशीवर वळले की कुरकुरते. हवा भरायच्या मॅटचा आणखी एक दोष. नुसती पोकळ असेल तर आतली हवा खेळती राहते आणि अंगाची ऊब भुईकडे वाहून नेते. १९७२ साली सिअॅटलला बोईंग कंपनीतून कमी केलेल्या अभियंत्यांनी कॅस्केड डिझाइन्स नावाचा उद्योग काढला आणि थर्मारेस्ट या मॅटसाठी हवेच्या पिशवीत फोम भरला. झडप उघडली की फोम फुगून हवा आपोआप आत ओढतो. आता मॅटवर आर-मूल्य छापतात; आकडा जितका मोठा तितकी भुईची थंडी कमी लागते. साध्या फोमच्या मॅटला दोनच्या आसपास मिळते, बर्फात झोपायचे तर पाचाच्या वर हवे. सह्याद्रीतल्या डिसेंबराला साधा फोम पुरतो. तो वजनाने अर्ध्या किलोच्या आत, काट्याने फुटत नाही आणि शाळेतल्या मुलाच्या पालकांना परवडतो. घोंगडी दोन-तीन किलो भरते. सातवीतल्या मुलाच्या पाठीवर ती लादणे बरे नव्हे.

चांगली घोंगडी मिळणेही कठीण झाले आहे. मांसासाठी मेंढ्यांचे संकर झाले, पानिपतची चिंध्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटे गावोगाव पोहोचली, मागावर बसणारे हात कमी झाले. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत अजून घोंगड्या विकायला येतात. घ्यायची असेल तर हाताने चोळून पाहावी, उजेडासमोर धरून वीण पाहावी. पहिल्या दिवशी मऊ लागली तर संशय घ्यावा.

यंदा पालकांना दिलेल्या पत्रात पहिली ओळ अंथरुणाची आहे: फोमची एक मॅट, नसल्यास गवत भरायला दोन रिकामी पोती. पांघरूण एकच. मी स्वतः आजीची घोंगडी नेणार आहे. नाकेबंदीच्या काळात तिने एका कोपऱ्याला जुन्या कोटाचे तपकिरी ठिगळ लावले होते, ते अजून सुटलेले नाही. तो कोपरा मी पायाकडे घेतो.