कुत्रा आधीचा, कोंबडी नंतरची

मागच्या आठवड्यात आमच्या कुत्र्यानं सांदवाडीत सात पिल्लं मारली. खाल्लं एकही नाही. मी काठी उचलली होती, पण आजाच्या गोष्टी आठवल्या न् खाली ठेवली.

आजाच्या काळात आमच्या झाडीपट्टीत चांगला कुत्रा म्हणजे पारधीचा कुत्रा. ससा, रानकोंबडा उठवायचा, मागं धावायचं, धरायचं. खाणं मालकाच्या हातून. 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली. मग कुत्रा धानाच्या बांधीवर जागलीला लागला, रानडुकरावर भुंकायला. काम बदललं, पण रक्तातलं धावणं कुठं जाते? गावठी कोंबडी तर लाल रानकोंबड्याचीच लेक. चिवचिव करत पळणारं पिल्लू दिसलं की पोट भरलेला कुत्राही झेपावते.

माणसाशी कुत्र्याची सोयरीक फार जुनी. जर्मनीत बॉन शहराजवळ माणसांसोबत पुरलेला कुत्रा सापडला, तो 14,000 वर्षांपूर्वीचा. पाळीव कोंबडीची सर्वात जुनी खात्रीची हाडं थायलंडची, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. धानाच्या दाण्यामागं रानकोंबडी गावात आली, असं संशोधक म्हणतात. आपण धानवाले, पटते आपल्याला. म्हणजे कोंबडी आली तेव्हा कुत्रा दारात बसलेलाच होता.

मग तो राखण करूच शकत नाही का? करते. ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूलच्या एका कोंबडीवाल्याकडे कोल्ह्यांपासून कोंबड्या राखायला मारेम्मा जातीचे कुत्रे होते. जवळच्या मिडल बेटावर कोल्ह्यांनी पेंग्विन पक्षी संपवत आणले, दहाच्या आत उरले. 2006 मध्ये तेच कुत्रे तिथं राखणीला नेले न् पक्षी पुन्हा वाढले.

त्या जातीत राखण आहेच, पण वयही पाहिजे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 1965 च्या पुस्तकात लिहिलं, पिलू 3 ते 12 आठवड्यांचं असताना ज्याच्यासोबत राहते त्याला आपलं मानते. माझा कुत्रा आला तेव्हा वर्षाचा होता. त्यानं कोंबडीचं पिल्लू जवळून पाहिलंच नव्हतं, न् मी खुराडा उघडा टाकून बांधीवर गेलो. चूक कोणाची, बापा?

आता पिल्लं बाहेर असली की तो साखळीला. नवीन पिलू आणलं, सहा आठवड्यांचं. खुराड्याजवळच बांधतो, मी समोर बसून. परवा त्यानं नाक पुढं केलं, पिल्लावाल्या कोंबडीनं पंख फुगवून नाकावरच चोच हाणली. तेव्हापासून ती आली की हा मान वळवते.