काळी माती, रेणेचा काठ आणि जुनी जीप

१/५
रेणाकाठचे रेणापूर. ही नदी पुढे मांजरेला मिळते. भोवतालची काळी माती पाणी लागताच फुगते, चिकटते. पावसाळ्यात चाक रुतणे हे येथील प्रवासाचे जुने दुखणे.

२/५
बैलगाडीने त्यावर उंच चाकांचा उपाय शोधला. मोटारीला तो दुसऱ्या महायुद्धाने दिला. विलिस व फोर्ड यांनी अमेरिकी लष्करासाठी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या.

३/५
युद्धानंतर लष्कराने काढलेल्या जीप भारतात नागरी वापरात आल्या. अनेकांची पहिली जीप ‘वापरलेली’च होती. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत जुळणी आरंभली. रेणापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते; १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला.

४/५
जमिनीपासून उंची, चारही चाकांना गती, गावच्या मिस्त्रीला उमगेल असे यंत्र : जुनी गाडी निवडताना कसोट्या आजही याच. गाडी पुरात बुडाली होती का, याचा पुरावा मॅटखालचा गाळ आणि सीटच्या पट्ट्यांवरचा गंज देतो.

५/५
सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेला महापूर आला. सुमारे दोन फूट वेगवान पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. उंच गाडी चिखलासाठी घ्यावी. पुलावरून पाणी वाहत असेल, तर तिनेही अलीकडेच थांबावे.