बचाव-निधी आणि वृत्तपत्र-स्वातंत्र्य

वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा इतिहास बहुधा निर्भीड लेखणीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खटल्याचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. वस्तुतः आरोपी संपादकास न्यायासनासमोर आपल्या शब्दांचा अर्थ उलगडून सांगता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी त्या पैशावरच अवलंबून असते. 'केसरी'वरील दोन खटले या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

पहिला खटला १८८२ मधील. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यासंबंधीच्या मजकुरावरून आगरकर व टिळक यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. विद्यार्थ्यांनी नाट्यप्रयोग करून निधीस हातभार लावला. फुले आणि 'केसरी' यांच्यातील मतभेद सर्वश्रुत आहेत. साह्य मताला नव्हे, मत मांडण्याच्या अधिकाराला होते, हाच त्या जामिनाचा अर्थ होय. दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली व ते १०१ दिवसांनी सुटले.

दुसऱ्या खटल्याची पार्श्वभूमी अधिक दारुण होती. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारचा रोष देशी वृत्तपत्रांकडे वळला आणि 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातील लेखनावरून टिळकांना २७ जुलै रोजी मुंबईत अटक झाली. त्यांच्या बचावासाठी बंगालमध्येही निधी जमला. त्या कार्यात रवींद्रनाथ ठाकूर यांचाही भाग होता. कलकत्त्याहून पग व गार्थ हे बॅरिस्टर आले.

या निधीने काय साधले? खटल्याचा मुख्य वाद शब्दार्थाचा होता. ज्युरीत सहा युरोपीय व तीन हिंदी गृहस्थ होते. मराठी लेखांचा निवाडा मुख्यतः इंग्रजी भाषांतरांवरून व्हावयाचा होता. कलम १२४-अ मधील 'अप्रीती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा न्या. स्ट्रॅची यांनी 'प्रीतीचा अभाव' असा अर्थ लावला. नञ् हा अभाव दाखवितो तसा विरोधही दाखवितो, हे आपल्या व्याकरणपरंपरेस चांगले ठाऊक आहे. 'अधर्म' म्हणजे केवळ धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध असलेले ते. अभावाचा अर्थ स्वीकारला की सरकारविषयी केवळ उदासीन असणारा लेखकही गुन्हेगार ठरू शकतो. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे प्रिव्ही कौन्सिलपुढे ॲस्क्विथ यांनी त्यांची बाजू मांडली. तथापि अपिलाची परवानगी मिळाली नाही. शिक्षा टळली नाही हे खरे. परंतु शब्दार्थाचा हा वाद साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत नेता आला, तो या साह्यामुळेच.

वरच्या न्यायालयाची वाट मोकळी असणे किती महत्त्वाचे असते, हे त्याच वर्षी इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राच्या खटल्यात दिसले. खालच्या न्यायालयाने संपादकास जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती पुष्कळच कमी केली. अपिलाचा खर्च न पेलणाऱ्या लहान पत्राच्या संपादकापुढे पहिला निकाल हाच अखेरचा निकाल ठरतो.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध विधेयक संमत केले. त्यात हल्लेखोरास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. ती स्वागतार्ह होय. मात्र तिचा रोख शारीरिक हल्ल्यावर व मालमत्तेच्या हानीवर आहे, खटल्याच्या खर्चावर नाही. चिंचवड आता कारखान्यांच्या महानगराचा भाग आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात कामगार, जमीन आणि भांडवल यांविषयी लिहिणाऱ्या लहान पत्राच्या वार्ताहरास काठीचे भय असते, तसे अब्रुनुकसानीच्या नोटिशीचेही असू शकते. काठीसाठी कायदा झाला. नोटिशीसाठी १८८२ चाच मार्ग उरतो. मतभेद बाजूस ठेवून जामीन देणारा कोणी तरी पुढे यावा लागतो.