पॅरिसची वृक्षराजी आणि जकातीचा पैसा (१८५३-१८७०)

एकोणिसाव्या शतकातील नगररचनेच्या इतिहासात पॅरिसच्या वृक्षाच्छादित रस्त्यांचे वर्णन आवर्जून येते. ही झाडे कोणी लावली हे सर्वपरिचित आहे. त्यांच्यासाठी पैसा कोणी मंजूर केला आणि तो कोणाकडून वसूल झाला, हा प्रश्न मात्र सौंदर्यवर्णनात बहुधा मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

‘बुलेव्हार’ हा शब्द मुळात तटबंदीशी निगडित आहे. १६७० पासून चौदाव्या लुईने पॅरिसचे तट पाडण्यास आरंभ केला व त्या जागी झाडांच्या रांगा असलेले रस्ते तयार झाले. १८३० आणि १८४८ च्या क्रांतींत यांपैकी अनेक झाडे मोर्चेबंदीसाठी तोडण्यात आली. पुढे २२ जून १८५३ रोजी ऑस्मान सेन प्रांताचा प्रीफेक्ट झाला. १८५४ साली त्याने आल्फां या अभियंत्यास पाचारण करून उद्याने व वृक्षारोपणाचे काम सोपविले. पूर्ण वाढलेली झाडे मुळांसह खास गाड्यांतून आणून लावणे, बुंध्याभोवती बिडाच्या जाळ्या बसविणे ही पद्धत याच काळात रूढ झाली. ऑस्मानच्या प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार १८५२ साली रस्त्यांवर सुमारे ५० हजार झाडे होती, ती १८६९ पर्यंत ९५ हजारांवर गेली. अर्थात १८६० साली उपनगरे शहरात सामील झाली होती, ही गोष्ट या वाढीचा विचार करताना विसरता येत नाही.

हा खर्च ठरविण्याची रीत लक्षणीय होती. पॅरिसची नगरपरिषद त्या काळी निर्वाचित नव्हती. तिचे सदस्य शासननियुक्त असत. अंदाजपत्रक प्रीफेक्ट मांडी व परिषद त्यास संमती देई. झाडे लावावीत की नाही, असा प्रश्न करदात्यांपुढे कधी आलाच नाही. रस्त्याची रुंदी ठरली की तिच्यावरून झाडांच्या ओळीही ठरत आणि रस्ता मंजूर होताच झाडेही मंजूर होत.

शहराच्या सामान्य उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक भाग जकातीचा होता. मद्य, खाद्यपदार्थ, सरपण, कोळसा, वैरण, बांधकामसाहित्य यांवर शहराच्या वेशीवर ती घेतली जाई. महाराष्ट्रातील वाचकाला ही व्यवस्था अपरिचित नाही. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होती. ऑस्मानचा युक्तिवाद असा, की सार्वजनिक कामांवरील खर्च ‘उत्पादक’ असतो. शहर वाढेल, जकात वाढेल, आणि त्या वाढीव उत्पन्नातून कर्ज फिटेल. या भरवशावर १८६० साली १३ कोटी व १८६५ साली २५ कोटी फ्रँकची कर्जे उभारण्यात आली. मजुराच्या पेल्यातील मद्यावर व चुलीतील सरपणावर कर बसत होता; वृक्षांकित हमरस्त्यालगतच्या जमिनींची वाढलेली किंमत मात्र बव्हंशी मालकांच्या पदरी पडत होती. १८५८ च्या हुकुमाने रस्त्यासाठी न लागलेली जमीन मालकांना राखता येऊ लागली आणि हा लाभ शहराच्या हातून आणखी निसटला. पॅरिसच्या वित्तव्यवहारातील खरी विषमता येथे आहे. कर्जाचा आकडा हा त्यामानाने दुय्यम मुद्दा होय.

तत्कालीन टीकाकारांचा रोख मात्र कर्जावरच राहिला. दीर्घ मुदतीच्या कर्जास विधिमंडळाची मान्यता लागे. ती टाळून १८५८ साली स्थापन झालेल्या बांधकाम निधीमार्फत व कंत्राटदारांना दिलेल्या हमीपत्रांद्वारे पैसा उभा केला जात होता. झ्यूल फेरीने १८६८ साली हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. हॉफमनच्या अद्भुत कथांवर श्लेष साधून त्याने आपल्या पुस्तिकेला ‘ऑस्मानचे अद्भुत हिशेब’ या अर्थाचे शीर्षक दिले. १८६९ मध्ये विधिमंडळात या व्यवहारांवर कडक चर्चा झाली आणि जानेवारी १८७० मध्ये ऑस्मानला पदावरून दूर करण्यात आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. कडाक्याच्या थंडीत जळण संपले, तेव्हा नागरिकांनी रस्त्यांवरील झाडांवर कुऱ्हाड चालविली. ज्या सरपणावर वर्षानुवर्षे जकात भरली होती, ते आता दारातच उभे होते. साम्राज्य गेले, तरी आल्फां १८९१ साली मृत्यू येईपर्यंत शहराच्या सेवेत राहिला. तोडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपे लागली. वेशीवरील जकातनाकी पूर्ववत चालू राहिली आणि जुन्या कर्जाचे हप्तेही.