पॅरिसमध्ये वाजलेले ‘लाहोर’

१४ जानेवारी १९१४ रोजी पॅरिसच्या एरार सभागृहात एका संध्याकाळी तीन नव्या रचना पहिल्यांदा सादर झाल्या. तिन्ही एक गळा आणि मोजकी वाद्ये यांच्यासाठी लिहिलेल्या. मालार्मेच्या तीन कवितांना मॉरिस राव्हेलने चाली दिल्या होत्या, तर इगोर स्ट्राविन्स्कीने तीन जपानी कवितांना. ही दोन नावे आज कोणालाही ठाऊक असतात. तिसरे नाव मॉरिस डलाज. बुटांच्या पॉलिशच्या कारखानदाराचा हा मुलगा राव्हेलचा शिष्य आणि मित्र होता. त्याच्या रचनेचे नाव होते ‘चार हिंदू कविता’. स्ट्राविन्स्कीने तोवर जपान पाहिलेलाही नव्हता. डलाज मात्र १९१२ मध्ये भारतात फिरून गेला होता, आणि इथले गाणेबजावणे त्याने कान देऊन ऐकले होते.

त्याने निवडलेली वाद्ये अशी: दोन बासऱ्या, एक ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि हार्प. राव्हेल आणि स्ट्राविन्स्की यांच्या ताफ्यात पियानो होता. डलाजने पियानो वगळून हार्प घेतली. सभागृह ज्या एरार घराण्याचे, त्याच घराण्याने आधुनिक हार्प घडवली होती. सेबास्तियन एरारने १८१० मध्ये दुहेरी पायपट्ट्यांची हार्प आणली. सात स्वरांना सात पट्ट्या. एक पट्टी दाबली की त्या स्वराच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम अर्ध्या स्वराने चढतात, आणखी दाबली की आणखी अर्ध्या स्वराने. पुढे प्लेयेल कंपनीने पट्ट्यांविना, जास्त तारांची हार्प बाजारात आणली आणि १९०४ मध्ये तिच्यासाठी देब्युसीकडून रचना लिहून घेतली. एरारने लगेच राव्हेलला गाठले; त्यातून १९०५ ची ‘इंट्रोडक्शन आणि अलेग्रो’ जन्मली. दोन कारखान्यांच्या चुरशीतून इतके चांगले संगीत क्वचितच निघाले असेल.

पण हार्पला एक गोष्ट साधत नाही. आपल्या स्वरमंडलासारखीच तिची प्रत्येक तार आपल्या स्वरावर बांधलेली असते. बोटे भराभर फिरवली तर स्वरांची सर मिळते, एका स्वरातून दुसऱ्यात ओघळणारी मींड मिळत नाही. आणि डलाजच्या कानात तर मींडच भरली होती.

म्हणून चार गीतांपैकी ‘लाहोर’ या गीताचा आरंभ त्याने चेलोवर सोपवला. गज बाजूला ठेवून वादक तार छेडतो आणि डाव्या हाताचे बोट तसेच तारेवरून घसरवत नेतो. १९१४ च्या पॅरिसमध्ये हे चमत्कारिक वाटले असणार. गाणाऱ्या सोप्रानोलाही शेवटी शब्द सोडून द्यावे लागतात. तोंड मिटून, मग उघडून नुसता स्वर फिरवत न्यायचा असतो. हे सगळे डलाजने हवेतून काढलेले नव्हते. ग्रामोफोन कंपनीने १९०२ पासून भारतात ध्वनिमुद्रण सुरू केले होते आणि डलाजने इथल्या तबकड्या मिळवल्या होत्या. ‘लाहोर’च्या सुरुवातीचे नाते अभ्यासकांनी इमदाद खाँ यांच्या तबकडीशी जोडले आहे. इमदाद खाँ म्हणजे सतारवादक विलायत खाँ यांचे सतारिये आजोबा. म्हणजे इटाव्याच्या घराण्याची मींड फ्रेंच चेलोवर पोचली ती लाखेच्या तबकडीवरून!

शब्दांच्या बाबतीत मात्र डलाजने गंमतच केली आहे. चार गीतांना मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर अशी नावे. ‘लाहोर’मधली कविता जर्मन कवी हायनेची: बर्फात उभा असलेला सूचिपर्णी वृक्ष दूरच्या ताडाची स्वप्ने पाहतो. ‘बनारस’मध्ये बुद्धजन्म आहे; पण बुद्ध जन्मला लुंबिनीत, काशीजवळच्या सारनाथला त्याने पहिला उपदेश केला. ‘मद्रास’ आणि ‘जयपूर’ यांचे शब्द भर्तृहरीचे. ज्या भर्तृहरीच्या शतकांना वामन पंडितांनी मराठीत आणले, तो इथे फ्रेंच भाषांतरातून सोप्रानोच्या तोंडी येतो. शहरांची नावे म्हणजे प्रवासी पेटीवरची लेबले, एवढेच समजावे.

डलाजच्या भारतभेटीच्या तीन वर्षे आधी, १९०९ मध्ये, आल्बेर रूसेल हा माजी नौदल अधिकारी पत्नीसह भारतात आला होता. वेरूळची लेणी पाहून त्याने ‘एव्होकासियाँ’चा पहिला भाग लिहिला, पण मोठ्या वाद्यवृंदासाठी. त्यात वेरूळचा काळोख आहे, भव्यता आहे; इथल्या वादकाचे बोट नाही. ते डलाजच्या दहा वाद्यांत सापडते. पूर्वेकडच्या वासाचे संगीत फ्रान्समध्ये त्या काळी ढिगाने लिहिले जात होते. त्यातले बहुतेक दृश्य पाहून लिहिलेले. डलाजचे ऐकून लिहिलेले आहे, आणि म्हणूनच टिकले.

चारही गीते मिळून दहा मिनिटांच्या आसपास. जेनेट बेकर आणि डॉन अपशॉ या दोघींनीही ती ध्वनिमुद्रित केली आहेत. आधी इमदाद खाँ यांची एखादी जुनी तबकडी ऐकावी, मग ‘लाहोर’ लावावे.